लाव म्हणणारे सगळे, थांब कोण म्हणणार?

वाचता वाचता एक काम कराल? घरातला औषधांचा डबा उघडा. तापाच्या गोळ्या असतील, बाम असेल, झाकणाला चिकट झालेली खोकल्याची बाटली असेल आणि कोपऱ्यात शेपटीकडून गुंडाळत आणलेली एक ट्यूब असेल. हॉस्टेलवर राहत असाल तर ती रूममेटच्या कप्प्यात सापडेल. कशाची आहे विचारलंत तर उत्तर येईल, ‘खाजेची.’ कुणाला लिहून दिली होती, कधी, कशासाठी, हे कुणालाच आठवणार नाही. मच्छर चावला, लाव. काखेत खाज आली, लाव. वॅक्सिंगनंतर पुरळ उठलं, लाव. उद्या कॉलेजात फंक्शन आहे आणि नेमका आज पिंपल आलाय, तरी हीच लाव.

आता त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेटासोन यातलं काही दिसतंय? मग तुमच्या हातात स्टिरॉइड आहे. घाबरून लगेच कचऱ्यात टाकू नका. तसं का म्हणतेय ते पुढे सांगते. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ही ट्यूब किती दिवस लावायची आणि कधी थांबायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

मला नव्हतं सांगितलं. आणि या लेखात मला जे म्हणायचंय ते सगळं या एका न सांगितलेल्या वाक्याबद्दल आहे.

दोन दिवसांची जादू, पाच वर्षांची सवय

मला लहानपणापासून एक्झिमा आहे. आजी त्याला इसब म्हणायची. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, थंडी पडली की जास्त. अकरावीत तो चेहऱ्यावर आला. पापण्यांवर, तोंडाभोवती. आमच्या तालुक्याच्या गावात स्किनचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि नेमकी तेव्हाच माझी प्रॅक्टिकल्स असायची. मग मेडिकलवाल्या काकांना चेहरा दाखवला. त्यांनी मागच्या फळीवरून एक ट्यूब काढली. ‘ही लाव, दोन दिवसांत जातंय बघ.’

खरंच गेलं. दोन दिवसांत चेहरा असा गुळगुळीत झाला की वर्गातल्या मुली विचारायला लागल्या, ‘काय लावतेस गं?’ मी ट्यूबचं नाव सांगितलं. हो, मीसुद्धा सांगितलं. त्यातल्या दोघींनी ती आणलीही.

महिन्याभरानं डाग परत आले. ट्यूब लावली, गेले. मग पंधरा दिवसांनी आले. मग चार दिवसांनी. शेवटी शेवटी एक रात्र लावायची राहिली तर सकाळी चेहरा लाल व्हायचा, म्हणून मी रोजच लावायला लागले. ट्यूब बॅगेत नसेल तर गावी जायला निघायचे नाही. पाच वर्षं. या पाच वर्षांत ट्यूब देणाऱ्या एकाही दुकानात मला कुणी विचारलं नाही की पोरी, अजून तीच लावतेस?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला पुण्यात असताना एका रात्री फोनवर एका परदेशी मुलीचा व्हिडिओ समोर आला. तिचा लाल, सोललेला चेहरा बघून पोटात गोळा आला. ती स्टिरॉइड क्रीमबद्दल बोलत होती. मी उठून ट्यूबवरचं नाव वाचलं आणि त्याच रात्री ती फेकून दिली. कुणालाही न विचारता. ही माझी दुसरी चूक. पहिली चूक लावत राहण्याची आणि दुसरी एका झटक्यात थांबण्याची.

पहिला आठवडा बरा गेला. दहाव्या दिवशी गाल पेटले. खाज मला नवी नव्हती, खाजेबरोबर मी वाढले होते. ही आग होती. तव्याला हात लागल्यावर होते तशी, पण सतत. लाली गालांवरून गळ्यावर, गळ्यावरून हातांवर उतरली. जिथे मला कधीच एक्झिमा नव्हता अशा जागीही. कानामागून पाणी झिरपायचं आणि सकाळी उशीला केस चिकटलेले असायचे. गादीवर इतके पापुद्रे पडायचे की रूममेट काही न बोलता रोज चादर झटकायची. भर मे महिन्यात मला थंडी वाजायची आणि मी स्वेटर घालून बसायचे. झोप रात्री तीन वाजता लागायची. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, जखमांवर पिवळी खपली धरली, तेव्हा आई येऊन मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. इन्फेक्शन झालं होतं.

त्या पहिल्या डॉक्टरांनी माझं बोलणं निम्म्यावर थांबवलं. ‘नेटवर वाचून येऊ नका,’ म्हणाले आणि आणखी स्ट्राँग ट्यूब लिहून दिली. या वेळीही किती दिवस लावायची ते लिहिलेलं नव्हतं.

हे नाव कुठून आलं?

जगभरातले पेशंट ज्याला टॉपिकल स्टिरॉइड विथड्रॉवल, थोडक्यात टीएसडब्ल्यू म्हणतात, ते हेच. विथड्रॉवल म्हटलं की आपल्याला दारू, सिगरेट आठवते. क्रीमचं कसलं आलंय विथड्रॉवल, असं वाटणं साहजिक आहे. पण ही कल्पना आजच्या रील्समधून जन्मलेली नाही.

थोडा इतिहास बघा. कॉर्टिसोनवरच्या कामासाठी हेंच, केंडल आणि राइकस्टाइन या तिघांना १९५० चं नोबेल मिळालं. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचेवर वापरून त्याचे परिणाम मांडले आणि त्वचारोगांच्या उपचारांचं चित्रच पालटलं. त्याआधी एक्झिमाच्या पेशंटच्या नशिबी डांबराची मलमं आणि पट्ट्या बांधून पडून राहणं असायचं. त्यामुळे हे औषध वरदान होतं, यात शंका नाही. पुढे त्याच्या कितीतरी पट तीव्र भावंडं आली. आज मिळणारं क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पट तीव्र मानलं जातं. आणि १९७९ मध्येच क्लिगमन आणि फ्रॉश या त्वचारोगतज्ज्ञांनी ‘स्टिरॉइड ॲडिक्शन’ या नावाखाली इशारा दिला होता की काही पेशंटची त्वचा या क्रीमवर अवलंबून राहायला लागते.

२०१५ मध्ये अमेरिकेत तोवरच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की हा त्रास मुख्यतः चेहऱ्यावर, मध्यम किंवा तीव्र क्रीम दीर्घकाळ लावणाऱ्यांना होतो आणि त्यात बायकांची संख्या जास्त. दोन प्रकार ठळक दिसले. एकात त्वचा लाल होऊन सुजते आणि जळजळते. असं बहुधा एक्झिमासारख्या जुन्या आजारासाठी क्रीम वापरणाऱ्यांचं होतं. दुसऱ्यात पुटकुळ्या आणि पू असलेले फोड येतात. हे पिंपल्ससाठी किंवा रंग उजळावा म्हणून लावणाऱ्यांमध्ये जास्त. याच आढाव्यानं हेही प्रामाणिकपणे म्हटलं की हातात असलेले पुरावे कच्चे आहेत, आणखी अभ्यास हवेत.

२०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं, एमएचआरएनं, डॉक्टरांना आणि पेशंटना याबद्दल अधिकृत सूचना दिली. तिथल्या पेशंटनी आपले अनुभव पिवळ्या कार्डाच्या सरकारी यंत्रणेकडे एकेक करून नोंदवले होते. ते वाचले गेले. २०२४ मध्ये तर तिथल्या ट्यूबवर क्रीम सौम्य आहे, मध्यम, तीव्र की अतितीव्र, हे छापायचं ठरलं. आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एका छोट्या अभ्यासात दाखवलं की अशा पेशंटच्या त्वचेतल्या पेशींची ऊर्जा तयार करण्याची रासायनिक प्रक्रिया साध्या एक्झिमापेक्षा वेगळी वागत असते. अभ्यास लहान आहे, शेवटचा शब्द नाही. पण ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर यापुढे पुरणार नाही, एवढं त्यातून नक्की होतं.

आणि पेशंट सांगतात तरी काय? देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण वर्णन तेच. खाजेपेक्षा आग जास्त. मूळ एक्झिमा नव्हता तिथेही लाली. हातावर मनगटापर्यंत लाल बाही चढवल्यासारखं आणि तळहात मात्र नेहमीच्या रंगाचा. चेहरा लालबुंद, पण नाक तेवढं सुटलेलं. पापुद्रे, पाणी झिरपणं, झोप उडणं. काहींचं काही आठवड्यांत शांत होतं, काहींचे महिने जातात, काहींची वर्षंही. परीक्षा सुटते, नोकरी सुटते, आरसा झाकून ठेवला जातो.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत

इथे मला डॉक्टरांची बाजूही मांडायची आहे. कारण ती न मांडता लिहिलं तर माझ्यासारखं एका रात्रीत ट्यूब फेकणारं कुणीतरी तयार होईल.

क्रीम थांबवल्यावर त्वचा बिघडली म्हणजे दरवेळी टीएसडब्ल्यूच असतं असं नाही. मूळ एक्झिमाच उसळलेला असू शकतो. क्रीममधल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असू शकते, इन्फेक्शन असू शकतं. हे वेगळं काढायला आजतरी एखादी ठरलेली रक्ततपासणी नाही. डॉक्टर त्वचा बघून, जुनी हकिकत ऐकूनच ठरवतात. माझं नेमकं किती टीएसडब्ल्यू होतं आणि किती एक्झिमा, हे माझ्या आताच्या डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

दुसरं म्हणजे स्टिरॉइडच्या भीतीपायी एक्झिमा अंगावर काढणारेही खूप आहेत. रात्रभर रक्त येईपर्यंत खाजवणाऱ्या लहान मुलाला ‘स्टिरॉइड नको गं बाई’ म्हणून फक्त खोबरेल चोळत राहणं ही त्या मुलावर दया नव्हे. योग्य तीव्रतेचं क्रीम, योग्य जागी, ठरलेले दिवस लावून आराम पडलेल्यांची संख्या प्रचंड आहे. त्यांचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत, कारण बरा झालेला कोपर कोण शूट करतं?

म्हणून ‘स्टिरॉइड वाईट’ हे माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे की ज्या औषधाला थांबण्याची तारीख लागते, ते आपल्याकडे तारखेशिवाय दिलं जातं. क्लोबेटासोलसारख्या अतितीव्र क्रीमच्या माहितीपत्रकात सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नका असं लिहिलेलं असतं. पण ते पत्रक खोक्यात असतं आणि खोकं दुकानातच फाटतं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं

ब्रिटन-अमेरिकेतली चर्चा बहुतेक वेळा डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रीमबद्दल असते. आपल्याकडे गोष्ट त्याच्या आधीच सुरू होते, मेडिकलच्या काउंटरवर.

२०११ मध्ये भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ पेशंटपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या २९ टक्के लोकांनी ते गोरं होण्यासाठी किंवा रोजचं क्रीम म्हणून वापरलं होतं, २४ टक्क्यांनी पिंपल्ससाठी. आणि निम्म्याहून अधिक, जवळपास ५९ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. मैत्रीण, शेजारीण, ब्युटी पार्लर, मेडिकलवाला. अकरावीतली मी आणि माझ्या त्या दोन मैत्रिणी या आकड्यात बरोब्बर बसतो.

आपल्याकडे या बिघडलेल्या चेहऱ्याला डॉक्टरांनी स्वतंत्र नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात गेलं की चेहरा पेटतो, नको तिथे लव वाढते. आणि क्रीम थांबवलं की सगळं दुपटीनं उसळतं, म्हणून माणूस परत क्रीमकडे जातो. लग्न ठरलेल्या मुलीला ‘पंधरा दिवस हे लाव, ग्लो येतो’ म्हणून दिल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं त्रिकूट असतं. वांगासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायचं ते औषध. आपण त्याचं फेअरनेस क्रीम केलं.

दुसरं त्रिकूट ‘ऑल इन वन’. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये. गजकर्णाला लावलं की खाज लगेच थांबते, कारण स्टिरॉइड त्वचेची प्रतिक्रिया दाबून टाकतं. बुरशी मात्र आत आरामात पसरत राहते आणि मग साध्या औषधांना जुमानत नाही.

कायदा नाही असं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड क्रीम्सची चिठ्ठीविना विक्री बंद केली. ती शेड्युल एचमध्ये आणली. तुमच्या ट्यूबवर कोपऱ्यात ‘आरएक्स’ अशी खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा असेल. पण तो इशारा इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात आणि घेणाऱ्याची भाषा मराठी. उद्या कुठल्याही गावात जाऊन ‘दादा, खाजेची ट्यूब द्या’ म्हणून बघा.

मेडिकलवाल्यांना झोडपणं सोपं आहे. पण तेही म्हणतात, ‘मी नाही दिली तर पुढचा देईल.’ आणि गिऱ्हाइकाचाही हिशेब असतो. डॉक्टरांची फी चारशे-पाचशे, वर जिल्ह्याला जायचं एसटीचं भाडं आणि एक दिवसाची रजा. ट्यूब शंभराच्या आत. ज्या तालुक्यात स्किनचा डॉक्टरच नाही तिथे ‘डॉक्टरांना विचारा’ एवढं म्हणून माझ्यासारखीनं मोकळं होणं हा शहाणपणा नाही. म्हणून निदान ट्यूबनं स्वतः तरी बोललं पाहिजे. ‘हे तीव्र स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर लावू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका.’ ही तीन वाक्यं मराठीत, मोठ्या अक्षरात. सिगरेटच्या पाकिटावर इशारा मावतो, तर ट्यूबच्या खोक्यावर का मावू नये?

ऐकून घेण्याचं औषध

मला बरं करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टर सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत भेटल्या. बाहेर ही रांग. त्यांच्याकडे माझ्यासाठी जेमतेम दहा मिनिटं होती. त्यात त्यांनी तीन प्रश्न विचारले. कोणतं क्रीम? किती वर्षं? महिन्याला किती ट्यूब? मी आकडा सांगितला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुला कुणी थांबायला सांगितलंच नाही ना?’ मी तिथेच रडले. औषध अजून सुरूही झालं नव्हतं.

मग त्यांनी माझ्यासाठी एक योजना कागदावर लिहून दिली. आधी इन्फेक्शनचं औषध. चेहऱ्यासाठी स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम. अंगावरच्या जुन्या एक्झिमासाठी सौम्य क्रीम, आधी रोज, मग दिवसाआड, मग बंद, प्रत्येक पायरीसमोर तारीख. दिवसातून तीन-चारदा साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. दर तीन आठवड्यांनी दाखवायला यायचं. पहिले दोन महिने वाईट गेले, पण आता कागदावर तारखा होत्या. आठ महिन्यांनी मी पहिल्यांदा भर उन्हात स्कार्फ न बांधता स्कूटी चालवली. एक्झिमा अजूनही आहे, दर डिसेंबरात कोपरावर येतो. आता मी सौम्य क्रीम पाच दिवस लावते आणि सहाव्या दिवशी थांबते. माझी योजना तुमची नाही, ती कॉपी करू नका. प्रत्येकाची त्वचा आणि वापर वेगळा असतो.

त्या आठ महिन्यांत औषधाइतकंच आजूबाजूच्यांचं बोलणं सोसावं लागलं. ‘उष्णता आहे, वांगं बंद कर.’ ‘चिकटत नाही ना गं हे?’ एका लग्नात मावशीनं आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘आता हिचं कसं करायचं?’ एक्झिमा लागट नाही. स्पर्शानं पसरत नाही. हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकानं निदान एका माणसाला सांगितलंत तर लोकलमध्ये, मेसमध्ये कितीतरी जणांना शेजारी जागा मिळेल.

आणि डॉक्टरांना, विशेषतः आज मेडिकलला शिकणाऱ्या आपल्या वयाच्या मुलामुलींना एक विनंती. तुमच्यासमोर कुणी ‘माझी त्वचा जळतेय, क्रीम थांबवल्यापासून’ असं म्हणत येईल तेव्हा ‘नेटवर वाचलंस का?’ हा पहिला प्रश्न नको. समजा, तिनं लावलेला अंदाज चुकला असेल. तिची आग तरी खरी आहे. आणि तुम्ही ऐकून घेतलं नाही तर ती माणसं ऐकून घेणाऱ्या भलत्या लोकांकडे जातील. ‘मॉइश्चरायझर बंद करा, अंघोळ बंद करा, आमचं हर्बल क्रीम घ्या’ म्हणणारे तिथे तयारच असतात. हर्बल म्हणून विकलेल्या क्रीममध्येही न सांगता स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणं सापडलेली आहेत.

ट्यूब हातात घेण्याआधी

• क्रीम लिहून देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराच. हे स्टिरॉइड आहे का आणि किती तीव्र? कुठे लावायचं आणि कुठे अजिबात नाही? किती दिवसांनी, कसं थांबवायचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.

• प्रमाण समजून घ्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

• पापण्या, चेहरा, काख, जांघ इथली कातडी पातळ असते, औषध जास्त शोषलं जातं. डोळ्यांजवळ तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूचा धोका असतो.

• महिनोन्महिने लावत असाल तर माझ्यासारखं एका रात्रीत थांबू नका. खूप जागेवर, खूप काळ तीव्र क्रीम लावलं असेल तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणंही मंदावलेलं असू शकतं. थांबायचंच आहे, पण डॉक्टरांच्या मदतीनं.

• थांबल्यावर आग, ताप, पू, पिवळी खपली दिसली तर ‘विथड्रॉवल आहे, सोसू या’ म्हणत घरी बसू नका. लगेच दाखवा.

• रोज एकाच जागी, एकाच उजेडात एक फोटो काढा. कोणतं क्रीम, कधीपासून, किती ट्यूब, हे वहीत लिहा. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत तुमच्या आठवणीपेक्षा ही वही जास्त बोलेल.

• आणि आपली ट्यूब मैत्रिणीला सुचवू नका. मी सुचवली होती. अजून त्या दोघींपैकी एकीला फोन करून सॉरी म्हणायचं राहिलंय. हा लेख तिला पाठवणार आहे.

औषधांचा डबा अजून उघडाच असेल ना? ती ट्यूब परत ठेवण्याआधी एक पेन घ्या. खोक्यावर लिहा, कुणासाठी आणली, कुठे लावायची, कोणत्या तारखेला थांबायचं. यातलं काहीच माहीत नसेल, तर त्या ट्यूबचा फोटो काढा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी तो दाखवा.